हाडाचं दुसरं टोक

१

फुमिए कातागिरीचा दिवस सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा. तो संपायचा कसा, ते तिला कधी धड आठवायचं नाही, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती.

गावात मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडली आणि त्याच इमारतीत डायनोसॉरचं संग्रहालय उघडलं. या शाळेच्या स्वयंपाकघरात फुमिएनं सत्तावीस वर्षं मुलांचं दुपारचं जेवण रांधलं होतं. आता त्याच खोलीत बसून ती अकरा कोटी वर्षांपूर्वीची हाडं दगडातून सोडवत होती. शेगड्या गेल्या, तिथं टेबल आलं. मुलांच्या हातात ताटं द्यायची लांबलचक खिडकी होती तिथं काच बसली. काचेच्या बाहेरच्या अंगाला टीव्हीसारखा एक पडदा टांगलेला होता. फुमिएला सूक्ष्मदर्शकातून जे दिसे तेच बाहेरच्या लोकांना पडद्यावर हातभर मोठं होऊन दिसे. ही कल्पना मिझोगुची सेन्सेईंची, म्हणजे सरांची. ते संग्रहालयाचे एकुलते एक संशोधक, आणि झाडूवालेसुद्धा तेच. ‘हाडं लोकांनी शोधायची आणि ती साफ होतानाही लोकांनीच बघायची,’ हे त्यांचं रोजचं पालुपद होतं.

लोकांनी शोधायची म्हणजे अगदी शब्दशः. दर रविवारी शाळेच्या मैदानात सतरंज्या पडत. शंभरेक माणसं, बायका, पोरंटोरं चष्मे लावून, हातोड्या घेऊन बसत. नदीच्या पात्रातून काढलेला लाल दगड पोत्यातून त्यांच्यापुढे ओतला जाई. नियम एकच होता, सोयाबीनच्या दाण्याएवढा होईपर्यंत फोडल्याशिवाय एकही खडा टाकायचा नाही. काही काळं, चकचकीत दिसलं की हात वर करायचा.

“फोडा, फोडा! सासूचं नाव घ्या आणि फोडा!” हिसायो ओरडायची. ती फुमिएची शाळेपासूनची मैत्रीण. मैदानाची सगळी व्यवस्था तिच्याकडे, आणि आठवड्यात काचेबाहेर उभं राहून लोकांना माहिती सांगायचं कामही तिचंच. “ओ साहेब, तुम्ही दगडाला गोंजारताय. तो काय तुमचा नातू आहे का?”

सापडलेला तुकडा डबीत जाई. डबीवर शोधणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिली जाई, आणि सोमवारची सुट्टी झाली की मंगळवारी डबी फुमिएच्या टेबलावर येई. ती हवेच्या दाबावर थरथरणारी सुई हातात घेई, आणि दगडाचा कण न् कण उडवत बसे. कोपऱ्यातलं हवेचं यंत्र घुरघुरत राही. त्या आवाजात तिला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं नाही आणि वाईटही नाही. सहा वर्षं तिला काहीच वाटलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी वादळात तिचा नवरा तेत्सुरो शेतातलं पाणी बघून येतो म्हणून गेला आणि परत आला नाही. वादळात शेताचं पाणी बघायला जाऊ नका, असं रेडिओ दर वर्षी घसा फोडून सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी जातंच. पाण्यात उभं पीक सोडून घरात बसायचं इथल्या माणसाच्या जिवावर येतं. तेत्सुरोची छत्री मिळाली. तो मिळाला नाही.

२

त्याच पुरात संग्रहालयाच्या गोदामातही पाणी शिरलं होतं. नदीपात्रातला कुठला दगड कुठल्या चौकोनातून काढला, हे पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं. चिठ्ठ्या गेल्या. पोती एकमेकांवर कोसळली, फाटली, दगड एकत्र झाले. सेन्सेई त्या दिवशी चिखलात बसून रडले म्हणतात. मग ते दगड रविवारच्या लोकांना फोडायला द्यायचे ठरले. त्यांतून काय निघेल आणि कुठल्या क्रमानं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

या वर्षी मे महिन्यात पहिलं हाड आलं. पायाच्या बोटाचं, मुगाच्या शेंगेएवढं. सेन्सेई डबी घेऊन स्वयंपाकघरात नाचले.

“फुमिएसान, हा लहान जातीचा आहे! कुत्र्याएवढा असेल. इथं असा कधी मिळाला नाही!”

पुढच्या रविवारी दुसरं बोट मिळालं, मग तिसरं. मग घोट्याचं हाड, मग नडगीचे दोन तुकडे. शोधणारे दर वेळी वेगळे, कुणी शिक्षिका, कुणी ट्रकचालक, कुणी सहलीला आलेली मावशी. पोती वेगळी. जूनच्या शेवटी गुडघ्याचा सांधा आला, तेव्हा हिसायो डब्या ओळीनं मांडत म्हणाली, “पायापासून वर चाललाय गं हा. शिडी चढल्यासारखा.”

मग डबीचं झाकण तिनं विनाकारण उघडून पुन्हा लावलं.

तिला काय आठवलं ते फुमिएला कळलं. तिथल्या कुणालाही कळलं असतं. माणसाला जाळल्यावर भट्टीतून तबक बाहेर येतं. जवळची माणसं जोडीजोडीनं पुढे होतात, दोघांनी मिळून एकच हाड काड्यांनी उचलायचं आणि कलशात ठेवायचं. आधी पायांची, मग वर वर, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो, उलटा होत नाही. म्हणून तर जेवताना एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास दिला की घरातली म्हातारी माणसं हातावर फटका मारतात.

“योगायोग,” सेन्सेई म्हणाले. “दहा हजार खडे फोडले की चारपाच वेळा ओळ जुळणारच. मला वेगळीच काळजी आहे. शेपूट कुठं आहे? असल्या प्राण्याच्या अंगात सगळ्यांत जास्त मणके शेपटीचे. ते पहिले सापडायला हवेत. एकही नाही.”

“कापून टाकली असेल,” हिसायो म्हणाली, पण तिच्या विनोदात दम नव्हता.

त्या संध्याकाळी अंघोळीच्या टाकीत उतरताना फुमिएला पाणी गार लागलं. म्हणून तिनं आणखी तापवलं. मग हात घातला आणि झटकन मागे घेतला. पाणी कढत होतं. पायांच्या बोटांना ते कळत नव्हतं, एवढंच.

३

डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. “दिवसभर बसून काम, हातात थरथरणारं यंत्र. या वयात असं होतं, कातागिरीसान. थोडं चाला.” फुमिए चालू लागली. बधिरपणा घोट्यापर्यंत आला, मग नडगीपर्यंत. चालायला अडचण नव्हती. पाय टाकायची जागा फक्त डोळ्यांनी बघून घ्यावी लागे. तिला भीती वाटली नाही. आतून बधिर असलेल्या माणसाला बाहेरून बधिर होण्याचं कसलं कौतुक?

वजनाची गोष्ट तिच्या लक्षात आली ती जुलैत, मांडीच्या हाडाच्या वेळी.

साफ झालेलं हाड उचलायला ती बांबूचा चिमटा वापरायची. लोखंडाचा चरे पाडतो. मांडीचं हाड चांगलं बोटभर लांब होतं. एका टोकाला धरलं तर दुसरं टोक लटकणार, आणि त्यात मधे एक बारीक तडा. म्हणून तिनं श्वास धरून, अगदी सावकाश उचललं.

हाड सरळ वर आलं. लटकलं नाही. आणि हवं त्याच्या निम्म्यानं हलकं होतं.

सत्तावीस वर्षं हातानं मीठ-तांदूळ मोजलेली बाई. वजनात तिची चूक व्हायची नाही. तिनं हाड खाली ठेवलं, पुन्हा उचललं. तसंच. समोर कुणीतरी दुसरं टोक धरावं आणि तिच्या बरोबरीनं, तिच्याच वेगानं वर न्यावं, तसं. तबकातल्या कापसावर ते हाड इतकं हळुवार टेकलं की आवाजसुद्धा आला नाही.

सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर हाड होतं, तिचा चिमटा होता, बाकी काही नाही.

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. सुईच्या थरथरीनं बोटं पांढरी पडलेली होती. अशा बोटांचं काय ऐकायचं, असं तिनं ठरवलं. मग वजनाचा छोटा काटा आणून तिनं हाड तोललं. काट्यावर ते बरोबर हवं तेवढंच भरलं. फुमिएनं काटा पुसून परत जागेवर ठेवला आणि याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मात्र ती सुई थांबवून मधेच कान द्यायला लागली. हवेचं यंत्र बंद केलं की खोली एकदम मोठी वाटायची. नळ टपकायचा. बाहेर कुणीतरी खोकायचं. आणि क्वचित, अगदी जवळ, लाकडावर बांबू टेकावा तसा टक असा आवाज यायचा.

४

ऑगस्टात एका बुधवारी हिसायो चहा घेऊन आत आली. शाळेच्या सुट्ट्या होत्या, बाहेर गर्दी होती.

“आज तुझं काम लोकांना फार आवडलं बाई,” ती म्हणाली. “ते कमरेचं हाड तुम्ही दोघींनी मिळून उचललंत ना, तेव्हा एका आजोबांनी तर चक्क टाळी वाजवली. कोण आहे ती? नवीन शिकाऊ का? सेन्सेई मला काही सांगतच नाहीत.”

“कोण?”

“अगं, तुझ्यासमोर बसलेली. का बसलेला? मला काचेतून तुझी पाठच दिसते, आणि पडद्यावर नुसती टोकं. हात मात्र स्थिर हं. पण तिला जरा चिमटा द्या की चांगला. काड्यांनी काम करतेय बिचारी. त्याही एका जोडीच्या नाहीत, एक बांबूची आणि एक…”

ती थांबली. एक बांबूची आणि एक लाकडाची, अशा विजोड काड्या जगात एकाच कामाला वापरतात. तबकाशेजारी त्या ठेवलेल्या असतात.

टेबलाच्या समोरच्या बाजूला भिंत होती. भिंत आणि टेबल यांत वीतभर जागा. तिथं माणूस बसणं सोडाच, झाडूही जात नसे. हिसायोनं त्या जागेकडे बघितलं, मग फुमिएकडे, आणि मग किंचाळली.

“फुमी! चहा!”

फुमिएच्या हातातला पेला कलंडला होता. सगळा चहा तिच्या मांडीवर सांडला होता आणि कापडातून वाफा निघत होत्या. फुमिएला काही कळलं नव्हतं.

“भाजतंय का गं? उठ, उठ ना! पाणी मार!”

“नाही भाजत,” फुमिए म्हणाली.

हिसायो तिची मांडी ओल्या फडक्यानं टिपत राहिली. मग म्हणाली, “पडदा जुना झालाय. मागचं चित्र पुढच्यावर चढत असेल. होतं ना तसं?”

“होतं.”

“तसंच असणार. पण फुमी, मी आता काचेपाशी नाही उभी राहणार. मैदानात वाट्टेल तेवढे दगड फोडून घे माझ्याकडून. तिथं नको.”

५

शनिवारी संध्याकाळी योशिहारु आला. तेत्सुरोचा धाकटा भाऊ, बँकेत होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. येताना नेहमीसारखे बीनच्या सारणाचे पाव घेऊन आला, आणि नेहमीसारखं कोऱ्या पाकिटातला अर्ज बाहेर काढून त्यानं चटईवर ठेवला. तेत्सुरो कातागिरी मेला असं कोर्टानं जाहीर करावं, असा तो अर्ज. त्यावर फुमिएच्या सहीचा शिक्का हवा होता.

“वहिनी, या वेळी नाही म्हणू नका. देवळातल्या गुरुजींनी पितरांच्या आठवड्यातला दिवस दिलाय. आई ऐंशी पार झाली. तिला एकदा थोरल्याच्या नावाचा समाधीचा दगड बघू द्या.”

“कलशात काय ठेवायचं, भावोजी?”

“नदीतला एखादा गोटा ठेवू. पुष्कळ जण ठेवतात.”

“गोटे मी रोज फोडते.”

योशिहारुनं मान खाली घातली. “तुम्ही एकदाही रडला नाहीत,” तो हळूच म्हणाला. “लोक काय वाट्टेल ते बोलतात. मी बोलत नाही. पण वहिनी, माणसानं कुठंतरी थांबायला नको का?”

फुमिएनं कोनाड्याकडे पाहिलं. कलशासाठी तिनं सहा वर्षांपूर्वी जागा पुसून ठेवली होती. तिथं अजून काही नव्हतं. रोज संध्याकाळी ती त्या रिकाम्या फळीसमोर भाताची वाटी ठेवायची की नाही याचा विचार करायची आणि मग ठेवायची नाही. जिवंत माणसापुढे असा भात ठेवत नाहीत, आणि मेलेला म्हणायला हातात चिमूटभर राखही नव्हती. या मधल्या जागेत ती सहा वर्षं बसली होती.

त्या दिवशी दोघांपैकी कुणीतरी जायचं होतं. पाट बंद करायला एक माणूस पुरे. “मी जाते, तुमचा गुडघा धड नाही,” ती म्हणाली होती. तो ऐकेना. मग लहान पोरांसारखी दोघांनी दगड-कागद-कात्री केली. तिचा दगड, त्याची कात्री. तो हरला, हसला, आणि छत्री घेऊन गेला. त्याचा कागद आला असता तर ती गेली असती. एवढंच होतं सगळं.

“भावोजी, तुमच्या बाबांची हाडं वेचली तेव्हा माझ्यासमोर कोण होतं?”

“दादाच होता की. नवराबायको एकाच हाडाला. तुमचा हात कापत होता म्हणून तो अगदी हळू उचलत होता.” योशिहारुनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “का हो?”

“काही नाही. शिक्का मी दोन आठवड्यांनी, रविवारी देते. संग्रहालयात या.”

तो गेल्यावर तिनं कमरेवर मूठ मारून बघितली. आवाज आला. बाकी काही नाही.

६

पुढच्या आठवड्यात बरगड्या आल्या, मग खांदा, मग हाताची हाडं. एकाच रविवारी इतकं सगळं कधी मिळालं नव्हतं. सेन्सेई आता नाचत नव्हते. डब्या टेबलावर ठेवताना ते फुमिएच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटची डबी ठेवून म्हणाले, “हा मानेचा दुसरा मणका. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी लोकांसमोर साफ कराल? वर्तमानपत्रवालेही येणार आहेत.” जरा घुटमळून त्यांनी विचारलं, “बरं नसेल तर राहू द्या, फुमिएसान. खरंच राहू द्या.”

“मला काही होत नाही,” ती म्हणाली.

मानेचा दुसरा मणका माणसालाही असतो. मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखा दिसतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी उचलतात. सगळ्यांत जवळची दोन माणसं उचलतात, आणि मग झाकण लावतात.

आठवडाभर ती बाकीची हाडं साफ करत होती. त्यानंतरच्या सोमवारी संग्रहालय बंद होतं. भर दुपारी फुमिए एकटीच आली, आणि काचेबाहेरचा पडदा काढून, वायरीसकट ओढत आत आणून, तिनं आपल्याकडे तोंड करून टेबलापाशी ठेवला. इतकी वर्षं हा पडदा लोकांसाठी होता. तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. मग तिनं भिंग अगदी कमी केलं, जेवढं मोठं दृश्य मावेल तेवढं मावावं म्हणून, आणि उजव्या हाताच्या कोपराचं हाड चिमट्यात धरलं.

पडद्यावर चित्र अर्धा श्वास उशिरा येई. आधी तिचा चिमटा आला. मग डावीकडून दोन काड्या आल्या, एक पिवळी, एक काळपट. त्या हाडाच्या दुसऱ्या टोकाशी थांबल्या. तिची वाट बघितल्यासारख्या थांबल्या.

तिनं उचललं. त्या बरोबर उचलल्या.

तेवढ्या वेळात, पडद्याच्या कडेला, काड्या धरलेली बोटं दिसली. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. मळणीयंत्रात सापडल्यापासून तेत्सुरोचं ते नख कधी एक झालं नाही. मनगटापाशी पांढऱ्या सदऱ्याची कड होती आणि वर काळा कोट, अंत्यविधीचा. कोटाच्या बाहीला दुहेरी घडी पडली होती. त्याला इस्त्री कधी जमली नाही. स्वतःच केली असणार.

फुमिएला वाटलं आता किंचाळी येईल. आली नाही. ती बघत राहिली, आणि मग तिला ते दिसलं जे दिसायला नको होतं. हात म्हातारा झाला होता. चामडी पातळ झाली होती, मागच्या बाजूला तपकिरी डाग आले होते. तिला एकेक डाग मोजता आला असता. यांतला एकही डाग तो गेला त्या दिवशी नव्हता.

मेलेला माणूस म्हातारा होत नाही.

तो कुठंतरी सहा वर्षं जगला होता. रोज उठला होता, वाकड्या इस्त्रीचे सदरे घातले होते. आणि आज काळा कोट घालून तबकापुढे उभा होता, आणि पायापासून वर वर एकेक हाड उचलत होता. कुणाचं?

फुमिएनं डाव्या हातानं आपलं उजवं कोपर चाचपलं. हाताला कोपर लागलं. कोपराला हात लागला नाही.

हाड कापसावर टेकलं. पडद्यावर फक्त तिचा चिमटा उरला. हवेचं यंत्र घुरघुरत होतं. बऱ्याच वेळानं तिनं ते बंद केलं, पडदा पुन्हा बाहेर नेऊन टांगला, आणि त्याच्यावरचे स्वतःच्या बोटांचे ठसे पुसून काढले.

७

मणक्याची डबी तिनं खणात टाकून दिली. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती खण उघडायला गेलीच नाही. हिशोब सरळ होता. तो मणका उचललाच नाही तर मान वाचेल, आवाज वाचेल, डोकं वाचेल. तेवढ्यावर माणूस जगू शकतो. सहा वर्षं ती त्याहून कमीवर जगली होती.

शुक्रवारी संध्याकाळी भात शिजला, आणि ती वाटी हातात घेऊन कोनाड्यासमोर बसली. रिकामी फळी. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून रोज पुसलेली. आणि एकदम, कुणी मागून ढकलावं तसं, तिला वाटलं, जिथं त्याचा कागद आला होता, तिथल्या त्याच्या घरातही अशीच एक फळी आहे. तो तिच्यासमोर बसतो. भात ठेवू की नको, ठेवू की नको करतो. त्याचा भाऊ अर्ज आणून चटईवर ठेवतो आणि म्हणतो, दादा, नदीतला गोटा ठेवू. सहा वर्षांनी कुठं त्याच्या हाताला काही लागलं आहे, आणि शेवटचा तुकडा खणात ठेवून ती बसली आहे.

तिच्या छातीत दुखलं. छाती केव्हाच बधिर झाली होती, पण दुखलं. तिला त्याची दया आली. इतकी दया तिला स्वतःची कधी आली नव्हती.

रविवारी अकरा वाजता काचेबाहेर दीडशे माणसं होती. पुढच्या रांगेत मुलं फतकल मारून बसली होती. हिसायो येणार नव्हती, पण आली. तोंड पांढरंफटक करून ध्वनिक्षेपक धरून उभी राहिली. योशिहारु मागच्या दारानं आत आला, हातात पाकीट.

“मी शिक्का देणार नाही, भावोजी,” फुमिए म्हणाली. “ते मेलेले नाहीत.”

“वहिनी…”

“आईंना सांगा, थोरला चांगला आहे. केस पिकले असतील. इस्त्री अजून येत नाही.”

ती चेष्टा करत नव्हती हे योशिहारुला दिसत होतं. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाकीट हळूहळू दुमडून खिशात घातलं. “तुम्ही रडताय,” तो म्हणाला.

“हो का?” ती म्हणाली. गालांना काही कळत नव्हतं.

तासाभरात मणका मोकळा झाला. शेवटचा लाल कण उडाला आणि तो चिमुकला बुद्ध दगडातून बाहेर आला. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिसायोचा आवाज काचेतून आला, कापरा, पण नेहमीचा आव आणून.

“आता आमच्या फुमिएसान हा मणका उचलून तबकात ठेवतील. फुमी, लोकांना दोन शब्द सांग ना गं. तुझा ध्वनिक्षेपक चालू आहे.”

फुमिएनं तोंड उघडलं. आवाज अजून होता. तिला पुष्कळ सांगायचं होतं, पण काचेबाहेर लोक होते, आणि नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तिला कधी सवय नव्हती. “सावकाश हं,” एवढंच ती म्हणाली. मुलांना वाटलं, त्यांना सांगितलं.

तिनं चिमट्यानं मणका धरला आणि उचलला. निम्मं वजन आलं. दोघांनी तो वर नेला, तबकाच्या वर आणला, आणि तिथं क्षणभर थांबले. तिला तो मणका थरथरताना जाणवला. या वेळी हात त्याचा कापत होता. नियमानं दोघांनी मिळून ठेवायचं असतं. पण कलश त्याच्या बाजूला होता.

तिनं चिमटा उघडला आणि आपलं टोक सोडून दिलं.

काचेबाहेर टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. मणका तबकात पडला नव्हता.